हेडफोनमधली मैत्री

‘व्हिडिओ गेम : शाप की वरदान’ या विषयावर आपल्या शाळेत वर्षातून एकदा तरी वादविवाद होतोच. एक बाजू म्हणते, डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मुलं एकलकोंडी होतात. दुसरी बाजू म्हणते, एकाग्रता वाढते, ई-स्पोर्ट्समध्ये नाव काढता येतं. शेवटी परीक्षक उठून ‘अति तेथे माती’ असं सांगतात, टाळ्या होतात आणि आपण सगळे मेसकडे पळतो. आठवीत असताना मीही गेमच्या विरोधात बोलून दुसरा क्रमांक मिळवला होता. तेच भाषण आज मला करता येणार नाही. गेम चांगले असतात असं आता वाटतं म्हणून नव्हे. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत जे झालं, ते त्या भाषणातल्या एकाही मुद्द्यात बसत नाही म्हणून.

माझं घर मिरजेत. २०२१ साली सहावीत मी इकडे आलो. घरापासून शाळेपर्यंत यायला दोन रात्रींचा प्रवास आणि दिल्लीला गाडी बदलायची. मिरजेत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून माझा एक मित्र राहतो. बालवाडीपासून आम्ही एकत्र. त्याचं नाव इथे लिहीत नाही, पण हा लेख मी त्याला विचारून लिहितो आहे.

बाहेर शिकणाऱ्या मुलांना ठाऊक असेल, सुट्टीत घरी गेलं की पहिले दोन-तीन दिवस आपण पाहुणे असतो. आई आवडीचं करून घालते, शेजारच्या काकू ‘किती वाळलास रे’ म्हणतात, पण गल्लीत आपली जागा राहिलेली नसते. मैदानावरची टीम ठरलेली असते. त्यांच्या क्लासमधल्या गमती आपल्याला कळत नाहीत. माझ्या तोंडून मध्येच ‘चलेगा’, ‘ठीक है’ असं हिंदी निघतं आणि सगळे हसतात. बारीक कापलेल्या केसांवरून टपल्या बसतात त्या वेगळ्याच.

यातून सुटायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे गेम. वडिलांचा जुना फोन घ्यायचा, हेडफोन लावायचा, मित्राने बोलावलं की आत. एका मिनिटात आपण चौघांतले एक. तिथे कोणी केस बघत नाही. वर्षभर शाळेत असल्याने माझा हात बसलेला नसतो, पण मला सांभाळून घेतात. म्हणून गेममुळे मुलं एकटी पडतात असं कोणी सरसकट म्हणालं की मला ते पटत नाही. मी एकटा होतो, तेव्हा गेमनेच मला आत घेतलं. २०२०च्या लॉकडाउनमध्येही हेच झालं होतं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दारं बंद होती आणि आईच्या फोनवरचा लुडो हीच आम्हा दोघांची गल्ली होती.

ज्या पालकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही खेळतो त्या प्रकारच्या गेममध्ये शंभर जण पॅराशूटने एका बेटावर उतरतात. शस्त्रं, औषधं शोधायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. खेळायचं क्षेत्र हळूहळू लहान होत जातं, त्यामुळे लपून बसता येत नाही. चार जणांचा एक स्क्वॉड. एक पडला तर दुसरा जाऊन त्याला उठवू शकतो. शेवटपर्यंत टिकलं तर एक मॅच साधारण अर्धा तास चालते आणि ती मध्येच थांबवता येत नाही. आई ‘ताट वाढलंय, ये’ म्हणते आणि मुलगा ‘आलो, पाच मिनिटं’ म्हणतो, तेव्हा प्रत्येक वेळी तो उर्मटपणा नसतो. तो उठला तर उरलेले तिघं अडचणीत येतात.

तर गेल्या मे महिन्यात आम्ही असे खेळलो. रोज रात्री साडेनऊ ते बारा. सलग अठरा दिवस. उन्हामुळे दिवसा कोणी बाहेर पडत नव्हतं आणि संध्याकाळी मी कधी मावशीकडे, कधी आजीकडे. त्यामुळे मित्राची भेट व्हायची ती रात्री, हेडफोनमध्ये. प्रत्यक्ष आम्ही दोनदाच भेटलो, तेही रस्त्यात, घाईत.

परतीच्या दिवशी मला सोडायला आई-बाबा स्टेशनवर आले होते. मित्र दर वेळी येतो, या वेळी आला नाही. मी आईला सहज म्हटलं, “बघ, साहेब झोपले असतील अजून.”

आई म्हणाली, “झोपेल कसा? सकाळचा तो दुकानात असतो ना मामांच्या.”

“कुठल्या दुकानात?”

आई माझ्याकडे बघत राहिली. “अरे, त्याच्या बाबांचं काम सुटलंय मार्चपासून. कारखाना बंद झाला. त्याने क्लासही सोडलाय. तुला ठाऊक नाही? रोज तर बोलत होतास त्याच्याशी!”

गाडी आली, सामान चढवलं, पाया पडलो. गाडी सुटल्यावर मी हिशोब मांडला. अठरा रात्री, रोज अडीच तास. पंचेचाळीस तास मी माझ्या सगळ्यात जुन्या मित्राशी बोललो होतो. मग आम्ही बोललो तरी काय? “डावीकडे बघ.” “घरात दोघं आहेत.” “गोळ्या दे, संपल्या.” “मला उचल, उचल लवकर!” गेममध्ये तो पडला की मी लगेच धावत जात होतो. खरोखर तो अडचणीत होता, दोन गल्ल्या पलीकडे, आणि मला पत्ताही नव्हता.

सुरुवातीला मी सगळा दोष गेमवर टाकला. शाळेत आल्यावर रविवारच्या फोनची पाच मिनिटं घरच्यांनाच पुरत नाहीत, म्हणून मित्राला आंतर्देशीय पत्र लिहिलं. खूप रागाने लिहिलं. यापुढे सुट्टीत फोनला हात लावणार नाही, आपली मैत्री या गेमने बिघडवली, असं बरंच काही. तीन आठवड्यांनी त्याचं उत्तर आलं. त्याच्या परवानगीने त्यातला भाग सांगतो. त्याने लिहिलं होतं की दिवसभर घरात तोच एक विषय असायचा, रात्रीचे ते अडीच तास सोडले तर. तेवढ्या वेळात घरचं काही आठवायचं नाही, म्हणून तर तो खेळायचा. गेमला नावं ठेवू नकोस, असं त्याने स्पष्ट लिहिलं होतं. आणि शेवटी एक ओळ होती : “पण तू एकदा घरी यायला पाहिजे होतंस.”

माझं जे मत आज आहे ते या दोन वाक्यांमधून बनलं आहे. गेम ही विसाव्याची जागा होऊ शकते, आणि विसावा कोणालाही लागतो. पण मित्राला भेटायची तीच एक जागा उरली, तर मैत्री हळूहळू आतून पोकळ होते आणि बाहेरून काही दिसत नाही. आवाज रोज ऐकू येतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. अजिबात बोलणं नसतं, तर मी पहिल्याच दिवशी त्याच्या घरी गेलो असतो. बोलणं होतं, म्हणून गेलो नाही.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये असं का होत नव्हतं, याचा मी विचार केला. एक तर तिथे तोंड दिसतं. कोणी गप्प असला, चप्पल तुटकी असली, डबा आणला नसला, तर न विचारता कळतं. दुसरं म्हणजे खेळ सारखा थांबतो. बॉल गटारात जातो, काकूंच्या अंगणात जातो, पाणी प्यायला सगळे कोणाच्या तरी घरी शिरतात. बोलणं होतं ते या थांबण्यात. गेममध्ये मॅच संपली की लगेच दुसरी सुरू. मधला वेळच नाही. तिसरं, तिथे भांडण झालं तर मिटवावं लागतं, कारण बॅट त्याची असते. गेममध्ये भांडण झालं की म्यूट करता येतं. भांडण मिटवायची सवय लागत नाही ती लागतच नाही.

आणि क्रिकेटमध्ये लिंबूटिंबू असायचा. कोणाचा तरी धाकटा भाऊ, ज्याला धड बॅट उचलता यायची नाही, तोही खेळात असायचा. आउट झाला तरी धरायचं नाही, पण तो मैदानावर असायचा. चौघांच्या स्क्वॉडमध्ये लिंबूटिंबूला जागा नाही. पाचवा आला की तो बाहेर. ज्याच्या घरी फोन साधा आहे, गेम अडकत चालतो, तोही बाहेर. आमच्याच ग्रुपमधला एक मुलगा अशा फोनमुळे खेळू शकत नाही. आधी तो कट्ट्यावर यायचा. तिथेही सगळ्या गप्पा कालच्या मॅचच्याच, म्हणून तो यायचा बंद झाला. त्याला कोणी हाकललं नाही. फक्त त्याला समजेल असं कोणी काही बोलत नव्हतं. खेळणाऱ्या मुलांचं काय होतं याची चर्चा आपण खूप करतो. न खेळणाऱ्याचं काय होतं, याची कोणी करत नाही.

माझी चुलतबहीण हाच गेम खेळते, पण माईक बंद ठेवून. मुलीचा आवाज ऐकला की अनोळखी मुलं घाणेरडं बोलतात, असं तिने मला सांगितलं. स्क्वॉडमध्ये असून ती गप्प. आपण कॅडेट म्हणवतो. सुट्टीत आपल्या स्क्वॉडमध्ये कोणी असं बोललं तर आपण त्याला थांबवतो का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं. मी दर वेळी थांबवलेलं नाही.

मग उपाय काय? बहुतेक मोठ्या माणसांचं उत्तर असतं, बंदी. बंदीचा अनुभव आमच्या पिढीला चांगला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी होता. खेळणारी मुलं दुसऱ्या गेमकडे वळली. २०२१च्या जुलैमध्ये तोच खेळ भारतासाठी नव्या नावाने आला. २०२२च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर बंदी आली. त्याच वर्षी जुलैमध्ये तो नव्या नावाचा खेळही काढला गेला आणि २०२३च्या मेमध्ये पुन्हा परतला. या बंदींची कारणं देशाच्या सुरक्षेशी आणि माहितीच्या गोपनीयतेशी जोडलेली होती, त्याबद्दल मी बोलत नाही. पण मुलांच्या सवयी बंदीने बदलल्या का, तर मला तरी तसं दिसलं नाही. चीनने २०२१ साली १८ वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ऑनलाइन खेळायला ठेवला. आपल्याकडे नियम आला की पळवाट शोधणारी मुलं आहेत. १८ वर्षांखालच्यांसाठी वेळेची मर्यादा आली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या अर्ध्या मुलांनी वडिलांच्या नंबरवरून खातं काढलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमना त्याने बंदी केली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पैशांच्या गेमवर बंदी हवीच होती, असं माझं मत आहे. पण दोन मित्र पंचेचाळीस तासांत एकमेकांना काय विचारतात, हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही.

हे मान्य करायलाच हवं की काही मुलांसाठी गोष्ट इथेच थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ घेतला आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम महत्त्वाचा होणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, ही त्याची तीन लक्षणं. साधारणपणे ती निदान १२ महिने दिसली तरच त्याला आजार म्हणतात. सुट्टीत वीस दिवस खेळणारा मुलगा लगेच आजारी ठरत नाही. पण जो खरंच त्या अवस्थेत आहे, त्याला ओरडून किंवा फोन फोडून उपयोग नाही, डॉक्टर लागतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा त्रासासाठी २०१४पासून वेगळं क्लिनिक आहे.

आता आपल्या शाळेविषयी. इथे आपल्याकडे फोन नाही. पहाटे पीटी, मग परेड, वर्ग, संध्याकाळी खेळ, प्रेप, रोल कॉल, लाइट्स आउट. पालक बघायला येतात तेव्हा म्हणतात, बरं आहे, इथे मुलं एकमेकांत मिसळतात. हे वाक्य मला पूर्वी खरं वाटायचं. मित्राचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी शेजारच्या पलंगावरच्या मुलाकडे नीट पाहिलं. त्याची क्रॉस कंट्रीची वेळ मला तोंडपाठ आहे. त्याचे बूट किती नंबरचे, त्याला मेसमधली कोणती भाजी आवडत नाही, सगळं ठाऊक. तो रविवारी फोन करायला का जात नाही, हे मात्र मी तीन वर्षांत विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. काय सांगितलं ते त्याचं आहे, इथे लिहिणार नाही. सांगायचं एवढंच की तिथे फोन नव्हता, गेम नव्हता, हेडफोन नव्हता. दोन फुटांवर पलंग होता. तरी मी विचारलं नव्हतं. म्हणजे दोष फक्त गेमचा नाही. न विचारायची सवय माझी होती. गेममध्ये ती झाकली जाते एवढंच.

आपल्या फौजेत बडी असतो. दोन जवानांची जोडी. आमचे ड्रिलचे उस्ताद सांगतात, बडी म्हणजे फक्त गोळीबारात पाठ राखणारा नव्हे. त्याच्या घरून पत्र आलं की नाही, तो जेवला की नाही, रात्री झोपला की नाही, हे ज्याला ठाऊक असतं तो बडी. स्क्वॉड आणि बडी यांतला फरक मला आता कळतो. स्क्वॉडमध्ये तुम्ही मित्राला पडल्यावर उचलता. बडीला तो पडायच्या आधी कळतं.

म्हणून या सुट्टीसाठी मी स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. कोणाला पटले तर घ्यावेत. पहिला, घरी पोचल्यावर मित्राच्या घरी गेल्याशिवाय पहिली मॅच खेळायची नाही. दुसरा, शेवटची मॅच संपली की हेडफोन लगेच काढायचा नाही. पाच-दहा मिनिटं तसंच बोलायचं, गेम सोडून. तिसरा, जो खेळत नाही त्याच्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदानावर जायचं. टीममध्ये घेतलं नाही तर लिंबूटिंबू म्हणून उभं राहीन.

पालकांना एक विनंती. ‘बंद कर ते’ असं ओरडण्याआधी एकदा शेजारी बसून एक मॅच बघा. बाकीचे तिघं कोण आहेत, त्यांचे आवाज कोणाचे, हे विचारा. जेवणाची वेळ मॅच सुरू व्हायच्या आधी ठरवा, मग आम्हीही शब्द पाळू. आणि मुलगा रोज मित्रांशी बोलतोय म्हणून निश्चिंत राहू नका. माझ्या आईला जे ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं. तिला ते भाजी घेताना मित्राच्या आईकडून कळलं होतं, उभ्या-उभ्या, पाच मिनिटांत.

शिक्षकांना आणि उस्तादांनाही एक सुचवावंसं वाटतं. सुट्टीवर सोडताना आम्हाला गेम खेळू नका असं सांगतात. आम्ही ‘येस सर’ म्हणतो आणि घरी जाऊन खेळतो. त्याऐवजी परत आल्यावर एवढंच विचारा : सुट्टीत किती मित्रांच्या घरी गेलास?

वडिलांचं काम अजून नक्की झालेलं नाही, पण मित्राने क्लास पुन्हा लावला आहे, असं त्याने मागच्या पत्रात कळवलं. सकाळी दुकान, संध्याकाळी क्लास. रात्री तो अजून खेळतो. सुट्टी लागली की मीही खेळणार आहे. पण गाडी मिरजेला पोचते सकाळी. सामान घरी टाकायचं आणि आधी त्याच्या मामांच्या दुकानावर जायचं, हे ठरलं आहे.